चौथ्या वेताची गाय

पहाटे पाचला फोन आला. आर्वी तालुक्यात तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. "मॅडम, गाय परवा रात्री व्याली. काल सांजेपासून उठूनच नाई राह्यली."

कोठ्यात पोचले तर चार जण तिच्या पोटाखालून दोर घालून उचलायच्या तयारीत. आधी त्यांना थांबवलं. चौथ्या वेताची जर्सी संकरित गाय मान कुशीकडे वळवून बसलेली, नाकपुड्या कोरड्या, कान गार. ताप नव्हताच. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा हा आजार; नाव दुग्धज्वर असलं तरी यात अंग उलट थंड पडतं.

आजी तिच्या डोक्याशी बसली होती. "एवढी धिप्पाड गाय, ताकद कुठं गेली वो तिची?"

नागपूरला पशुवैद्यकीय शिकताना हाच प्रश्न मला पडला होता, आणि त्याचं उत्तर मी चुकीचं धरून बसले होते. स्नायूत ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे शेजारीशेजारी रचलेले असतात. ते स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे मांडलं. सरकायला कॅल्शियम लागतं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटलं की धागेच अडतात, असं मी समजायची. पण हाडांना जोडलेल्या स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचा स्वतःचा साठा असतो. आकुंचनाला ते तिथूनच सुटतं आणि काम झालं की परत आत ओढलं जातं. रक्तातलं कॅल्शियम लागतं ते एक पायरी आधी, मज्जातंतूच्या टोकाशी. तिथे ते आत शिरलं तरच ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं आणि स्नायूला हलायचा सांगावा मिळतो. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, आणि गाईच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीनेक ग्रॅम.

"ताकद अंगातच हाय आजी," मी म्हटलं. "तिले सांगावा पोचून नाई राह्यला."

हृदयाचं मात्र निराळं. त्याचा स्नायू प्रत्येक ठोक्याला बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असतो, म्हणून ते शिरेतून भराभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईने बाटली सोडून मी एक गाय गमावली आहे. ते घर मला अजून आठवतं.

म्हणून कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली आधी गरम पाण्यात ठेवून कोमट केली. मानेच्या शिरेत सुई, डाव्या कोपराआड स्टेथोस्कोप. ठोका जरा चुकल्यासारखा वाटला की नळी चिमटायची. कोणी बोलत नव्हतं.

बाटली अर्ध्यावर आली आणि मांडीवरची कातडी थरथरली. मग खांद्यावर, मग बरगड्यांवर. पाऊस येताना तळ्याचं पाणी शहारतं तसं. गाईने मोठा ढेकर दिला, शेण टाकलं. नाकपुड्यांवर दव आलं. बाटली संपून वीसेक मिनिटं झाली असतील. तिने मागचे पाय गोळा केले, ढुंगण उचललं, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर थांबली आणि उभी राहिली.

आजीने लगेच चरवी मागवली. मी तिचा हात धरला. दोन दिवस कास पुरती पिळायची नाही, वासराला पुरेल एवढंच काढायचं. अशा काही गाई पुन्हा बसतात. आजीने चरवी पालथी घातली आणि कुटाराची पाटी पुढे सरकवली. गाईने दोन घास खाल्ले, मग मी सामान आवरलं.