पस्तीसची लेन्स आणि रथामागची दिंडी

पुणे-सासवड वाटेवरच्या दिवे घाटाचे फोटो मी स्वतः पंढरीची वारी चालण्याआधी सात-आठ वर्षं काढत होते. सगळेच काढतात तसे. पहाटे गाडीनं वर जायचं, वळणावर तिपाई रोवायची, लांब पल्ल्याची लेन्स लावायची आणि पालखी घाट चढून गेली की घरी यायचं. त्याला मी ‘वारी केली’ असं म्हणायचे, याची आता लाज वाटते.

२०१९ मध्ये मी स्पेनमधला सांतियागोचा मार्ग, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी पायवाट, चालले. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरहून निघून सुमारे ७८० किलोमीटर, ३४ दिवस. तिथं वाट दाखवायला दगडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात आणि ज्याची चाल त्याची. बुर्गोस ते लिओनच्या मधलं पठार तर फोटोग्राफरसाठीच घडवल्यासारखं आहे. कापणी झालेली गव्हाची रानं, सरळ वाट, लांबवर एकच माणूस. ढग सरकायची वाट बघत अर्धा तास बसलं तरी कुणाचं काही अडत नाही. परत आले तेव्हा माझ्याकडे उदंड आभाळ होतं आणि त्याखाली एकेकटी चालणारी माणसं. फोटो चांगले होते. आईनं सगळे नीट पाहिले आणि विचारलं, “आणि आपली कधी चालणार?”

पुढची दोन वर्षं कोरोनामुळे पायी वारीच झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. म्हणून २०२२. मैत्रिणीच्या मावशीची परभणीकडची दिंडी, रथामागची. आळंदीत जेवणाखाण्याची भिशी भरली, पथारी ट्रकमध्ये टाकली. विणेकरी काका माझ्या गळ्यातल्या दोन कॅमेऱ्यांकडे बघून म्हणाले, “माउली, फोटो काढा, पण ओळ सोडायची नाही. मागं राहिलात तर आम्ही सापडणार नाही.”

ही एक अट माझं सगळं काम बदलून गेली. लांबची लेन्स पुण्याच्या मुक्कामात घरी ठेवली आणि पस्तीस मिलिमीटरची एकच घेतली. त्या लेन्सला समोरचं माणूस हातभर अंतरावर लागतं. ओळीत तेवढंच अंतर असतं. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात वद्य एकादशी, म्हणजे केळी आणि साबुदाण्याची खिचडी. ज्या घाटाचे मी इतकी वर्षं वरून फोटो काढले, त्या घाटात मला दिसली ती पुढच्या आजींची पाठ, मानेवरचा घाम आणि डोक्यावरची तुळस. रथ दिसलाच नाही. चढासाठी रथाला जादा बैलजोड्या लावतात, ती बातमी पुढच्या दिंडीतून कानोकान आमच्यापर्यंत आली, “जोड्या लागल्या, जोड्या लागल्या”, आणि आमच्या बायकांनी हात जोडले. न दिसलेल्या गोष्टीला जोडलेले ते हात माझ्या त्या दिवसाच्या मोजक्या चांगल्या फोटोंपैकी एक आहेत.

पण मला सांगायचंय ते समाजआरतीबद्दल. मुक्कामी पोचल्यावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, पालखी मध्ये येते, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार चांदीचा दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. एवढ्या गर्दीत तक्रार करायची रीत म्हणजे थांबलेल्या टाळांमध्ये आपला टाळ चालू ठेवणं! मला ही जगातली फार मोठी गोष्ट वाटते.

शांततेचा फोटो कसा काढायचा, यावर मी तीन संध्याकाळी डोकं लावलं. टाळ हातात असलेला माणूस वाजवताना आणि थांबलेला फोटोत सारखाच दिसतो. लोणंदला सुचलं. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणलं, कोपर बरगडीला दाबून श्वास धरला. दंड वर जायच्या आधीच्या फोटोत सगळ्या हातांमध्ये हलत्या टाळांचा पुसट, पितळी धूर आहे. नंतरच्या फोटोत प्रत्येक टाळ आणि त्याची दोरीसुद्धा स्वच्छ दिसते. आणि उजव्या कडेला, एका दिंडीत, धूर तसाच आहे.

रात्री राहुटीत माझ्या एका बाजूला तुळशीवाल्या आजी झोपायच्या, पहाटे तीनला टँकरखाली अंघोळीला मला हाका मारून न्यायच्या. फलटणला पाय चेपता चेपता त्यांनी विचारलं, “लेकरा, इतके फोटू काढतीस, मला माझा कधी दिसंल?”

स्पेनमध्ये हा प्रश्न आलाच नव्हता. तिथं मुक्कामी भेटलेल्यांचे ईमेल घेतले, फोटो धाडले, संपलं. शिवाय निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालणाऱ्याला सांतियागोत लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, माझंही कपाटात आहे. आजींची ती एकविसावी वारी होती आणि घरी त्यांचा एकही फोटो नव्हता. मी काढलेल्या कितीतरी माणसांचं असंच असणार. त्या रात्री वही घेतली आणि दिंडीतल्या ज्यांचे फोटो काढले होते त्यांची नावं लिहून काढली. एकेचाळीस निघाली.

२०२३ ला पाऊस लांबला होता. पेरण्या व्हायच्या होत्या, सगळ्यांच्या बोलण्यात तेवढंच. सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात, म्हणून तिथं गेले. प्लास्टिकच्या पिशवीत एकेचाळीस फोटो, मागे पेन्सिलीनं नावं. आठजण आले नव्हते, त्यांचे फोटो विणेकरी काकांनी कीर्तनाच्या वहीत ठेवून घेतले, गावी पोचवायला.

आजींनी त्यांचा फोटो कंदिलाजवळ नेला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. बोट डोक्यावरच्या वृंदावनावर ठेवलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, “बघ, म्हणलं नव्हतं? तुळस डावीकडं कलली होती त्या दिवशी. मानंला कळत होतं मला.”