चेरी थंडीत ठेवताना

चेरी घेताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे जाते. मी आधी देठ पाहतो. फळापेक्षा देठ फार लवकर सुकतो, त्यामुळे साल तुकतुकीत असूनही देठ तपकिरी पडला असेल, तर ती चेरी उष्ण किंवा कोरड्या हवेत ताटकळली आहे, असे खुशाल समजावे.

केळे तोडल्यानंतरही पिकते, चेरी मात्र पिकत नाही. तोडणीच्या वेळी जी गोडी असते तीच तिची कमाल, आणि त्यानंतर श्वसनात तिच्यातील आम्ल झपाट्याने घटत जाते. जुनी चेरी गोड असूनही मिळमिळीत लागते ती यामुळेच. उष्णतेत हे श्वसन वेगाने होते. म्हणून तोडणीनंतर काही तासांतच फळांवर बर्फाळ पाण्याचा मारा करून आतली उष्णता काढून घेतात, कारण भरलेल्या पेट्या नुसत्या शीतगृहात ठेवल्या तर मधली फळे निवायला फार वेळ लागतो. माझ्या मते, पुढे कितीही काळजी घेतली तरी हे पहिले काही तास भरून निघत नाहीत.

साठवणीसाठी उणे 1 ते 0 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. रसात साखर विरघळलेली असल्याने फळ 0 अंशाला गोठत नाही. अशा स्थितीत गोड चेरी साधारण 2 ते 4 आठवडे टिकते. आतील ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त राहील अशा खास पिशव्यांत ती आणखी काही दिवस तग धरते. आंबट चेरीला मात्र एवढे आयुष्य नाही. थंडीने बुरशी मरत नाही, केवळ मंदावते, आणि करडी बुरशी तर 0 अंशालाही हळूहळू वाढत राहते. शिवाय अगदी गार झालेले फळ आपटले, तर सालीवर खळगे पडतात. ते दिसतात मात्र काही दिवसांनी, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हा वाद कधीच मिटत नाही.

घरच्या फ्रिजमध्ये एवढी थंडी नसते, पण चेरी न धुता, देठासकट, सर्वांत गार कप्प्यात ठेवली आणि फुटलेली फळे आधीच वेगळी काढली, तर ती आठवडाभर सहज टिकते. डबा वारंवार बाहेर काढू नये. गार फळावर दव धरते आणि बुरशीला तेवढा ओलावा पुरतो. लागतील तेवढीच फळे काढावीत आणि खाण्यापूर्वी धुवावीत.