10,000 टनांच्या पुढे: पेनसिल्व्हेनियातील मोठ्या दगडखाणीचा परवाना-अर्ज

अमेरिकेत खाणीवरच्या जमिनीची आणि पाण्याची काळजी घेण्यासाठी 1977 साली जो केंद्रीय कायदा झाला, तो फक्त कोळशापुरता आहे. चुनखडी, डोलोमाइट, वाळू, खडी, स्लेट, चिकणमाती, लोहखनिज अशा बाकी सगळ्या खनिजांबाबत तसा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नसल्यामुळे प्रत्येक राज्याने आपापली व्यवस्था उभी केली. पेनसिल्व्हेनियाने 1984 साली बिगरकोळसा खाणींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याचे तपशीलवार नियम राज्याच्या नियमसंहितेतील पंचविसाव्या भागाच्या 77व्या प्रकरणात आहेत. माझ्या कामाचा संबंध भूजलाशी येत असल्यामुळे या प्रकरणाखाली तयार होणारे अर्ज वाचण्याची मला सवय आहे. ते कसे वाचावेत याविषयी माझे एक ठाम मत बनले आहे: अर्ज पहिल्या पानापासून न वाचता भूजलाच्या भागापासून वाचावा, कारण बाकीच्या भागांत दिलेली बहुतेक वचने पाळता येतील की नाही, हे तिथेच ठरते.

वर्षाला 10,000 टनांपर्यंत खनिज विकणारी खाण ‘लहान’ आणि त्यापुढची ‘मोठी’, असा इथला ढोबळ हिशेब आहे. लहान खाणीचा अर्ज तुलनेने आटोपशीर असतो, तर मोठ्या खाणीला भूशास्त्र, जलशास्त्र, खोदकामाचा क्रम, सुरुंग, गाळनियंत्रण, जमीन पूर्ववत करण्याची योजना आणि आर्थिक हमी असे वेगवेगळे भाग, नकाशे आणि उभे छेद जोडून द्यावे लागतात. कारभाराच्या दृष्टीने टनांची मोजपट्टी सोयीची आहे, हे मान्य. तरीही पाण्याच्या दृष्टीने खरी सीमारेषा उत्पादनाची नसून खोलीची असते, असे मला वाटते. भूजलपातळीच्या वरच थांबणारी मोठी खाण शेजाऱ्यांच्या विहिरींना फारसा धक्का लावणार नाही, पण त्या पातळीखाली उतरलेली आणि रात्रंदिवस उपसा करणारी खाण आकाराने मध्यम असली तरी आसपासच्या भूजलाचा प्रवाहच स्वतःकडे वळवून घेते.

अर्जदाराविषयीचा भाग लवकर वाचून होतो. खाणचालकाचा परवाना, कंपनीचे मालक आणि नियंत्रक कोण याची माहिती, पूर्वीच्या उल्लंघनांचा इतिहास, दायित्वविमा आणि जमीनमालकाची लेखी संमती ही कागदपत्रे त्यात येतात. संमतीपत्राकडे मात्र थोडे थांबून पाहावे, कारण जमीन भाडेपट्ट्याने दिली असेल तर खाणचालक काम सोडून गेल्यावरही शासनाला त्या जमिनीवर जाऊन दुरुस्ती करता यावी, हा अधिकार मालक त्या कागदावर देत असतो.

आता पाणी. अर्जदाराने परिसरातील विहिरी आणि झरे यांची यादी करायची असते, त्यांची खोली, पातळी आणि वापर नोंदवायचा असतो, आणि ओढ्यांचे व भूजलाचे नमुने वेगवेगळ्या ऋतूंत घेऊन खोदकामाआधीची स्थिती कागदावर आणायची असते. या आधारमाहितीला जितके महत्त्व द्यावे तितके थोडे. उद्या एखाद्या शेतकऱ्याची विहीर आटली किंवा गढूळ झाली, तर ती खाणीमुळे बिघडली की दुष्काळामुळे, हा वाद या जुन्या आकड्यांवरच लढला जातो. खाणीमुळे पाण्याचा स्रोत दूषित झाला, कमी झाला किंवा बंद पडला तर तो पूर्ववत करण्याची किंवा पर्यायी पाणी देण्याची जबाबदारी कायद्याने खाणचालकावर टाकली आहे. त्यामुळे चांगली आधारमाहिती शेजाऱ्याइतकीच प्रामाणिक खाणचालकालाही संरक्षण देते. फक्त ओल्या महिन्यांतच पातळ्या मोजलेल्या दिसल्या, तर मी तो अर्ज संशयाने वाचू लागतो.

चुनखडीच्या प्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट होतो. लीहाय खोरे, लँकेस्टर आणि यॉर्क परगण्यांतील खोरी अशा भागांत खडकातल्या भेगा पाण्याने विरघळून रुंद झालेल्या असतात आणि वरची माती काही ठिकाणी केवळ पाण्याच्या आधाराने टिकून असते. पंप लावून पातळी खाली नेली की तो आधार सुटतो, माती भेगांमध्ये वाहून जाते आणि एके दिवशी जमीन खचून सिंकहोल पडते. नॉर्दॅम्प्टन परगण्यातील स्टॉकरटाउनजवळ बुशकिल ओढ्याच्या काठी खोल चुनखडी खाण आहे आणि तिथल्या पात्रात व आसपास कित्येक वर्षे अशी विवरे पडत आली आहेत. 2004 साली तिथे रूट 33 वरील पूल खचला. त्या खाणीतून उपसलेले पाणी पुन्हा ओढ्यात सोडले जाते. 2020 मध्ये वीज खंडित होऊन पंप थांबले, तेव्हा ओढ्याचा काही भाग कोरडा पडला आणि मासे मेले. खाण ओढ्याचे पाणी घेते, पंप ते परत देतात आणि त्या पंपांवर ओढ्याचे जगणे अवलंबून राहते, अशी ही विचित्र अवस्था आहे. म्हणून उपशाचा परिणाम किती अंतरापर्यंत जाईल, याचा अंदाज अर्जात कोणत्या गृहीतकांवर बांधला आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. भेगाळ चुनखडीत पातळीची घट चारही दिशांना सारखी पसरते, असे धरून काढलेले सुबक वर्तुळ नकाशावर चांगले दिसते, पण खडक तसे वागत नाही.

भूशास्त्राच्या भागात बोअरचे नोंदपट आणि खडकांची रासायनिक तपासणी येते. आम्लयुक्त पाणी हा कोळशाचाच रोग आहे असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. पायराइट, म्हणजे हवा आणि पाणी लागताच आम्ल तयार करणारे लोह-गंधकाचे खनिज, वालुकाश्मातही असू शकते. सेंटर परगण्यात इंटरस्टेट 99 महामार्गासाठी स्कायटॉप येथे डोंगर कापताना पायराइटयुक्त खडक उघडा पडला आणि त्यातून आम्लयुक्त पाणी पाझरू लागले, तेव्हा तिथे खाण नव्हतीच, फक्त रस्त्याचे काम होते. खाणीबाहेर सोडायच्या पाण्यासाठी एनपीडीईएस (ओढे-नद्यांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यातील प्रदूषणावर मर्यादा घालणारी केंद्रीय व्यवस्था) हा वेगळा परवाना लागतो आणि त्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यात तरंगत्या गाळाची मासिक सरासरी साधारणपणे लिटरमागे 35 मिलिग्रॅम आणि सामू 6 ते 9 अशा मर्यादा असतात. पाणी उच्च दर्जाच्या किंवा विशेष मूल्याच्या म्हणून नोंदलेल्या ओढ्यात जाणार असेल, तर आहे त्या दर्जाला बाधा येणार नाही हे दाखवण्याचा भार बराच वाढतो.

खाणकाम किती लांब ठेवायचे, याचे नियम तुलनेने सरळ आहेत: वस्ती असलेल्या घरापासून 300 फूट, सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीपासून, दफनभूमीपासून आणि ओढ्याच्या काठापासून 100 फूट. घरमालकाने लेखी संमती दिल्यास घराचे अंतर कमी होऊ शकते आणि ओढ्याबाबतही सवलत मागता येते, म्हणून नकाशावरच्या रेषेबरोबर सोबतची संमतिपत्रे आणि सवलतींच्या विनंत्याही पाहाव्यात. खडी फोडण्याच्या यंत्रासाठी हवेचा परवाना, दुर्मीळ प्रजातींसाठी राज्याच्या नैसर्गिक वैविध्य सूचीतील तपासणी, राज्य रस्त्याला फाटा जोडायचा तर वाहतूक खात्याची परवानगी, हे सगळे वेगळ्या दारांतून जाते आणि वेळापत्रक बहुतेकदा तिथेच कोलमडते.

जमीन पूर्ववत करण्याची योजना हा अर्जाचा सर्वांत आशावादी भाग असतो. वरची सुपीक माती वेगळी साठवणे, काम चालू असतानाच संपलेले भाग सावरत जाणे, उतार स्थिर करणे आणि शेवटी त्या जमिनीचा उपयोग काय, हे त्यात सांगावे लागते. खोल दगडखाणीत भरायला पुरेसा मुरूमच उरत नाही, त्यामुळे पुष्कळ योजनांचा शेवट तळ्यात होतो. पंप थांबले की खड्डा स्वतःहून भरतो, हे लेबनन परगण्यातील कॉर्नवॉलच्या लोहखाणीने दाखवून दिले आहे. 1972च्या ॲग्नेस वादळानंतर 1973 मध्ये ती बंद झाली आणि आज तिथे पाणी आहे. तळे हा उपयोग म्हणून वाईट नाही, पण ते भरायला किती वर्षे लागतील, पाणी कोणत्या पातळीवर स्थिरावेल आणि जादा पाणी कुठून बाहेर पडेल, याची उत्तरे अर्जात असायला हवीत. हमीची रक्कमही याच योजनेवरून ठरते, कारण खाणचालक निघून गेला तर शासनाला तेच काम दुसऱ्याकडून करून घेण्यासाठी येणारा खर्च त्यात धरायचा असतो. योजना कागदावर स्वस्त दाखवली की हमीही कमी होते, आणि ही ओढ लक्षात ठेवून खर्चाचे तक्ते वाचावेत.

अर्ज दाखल झाल्यावर अर्जदाराला स्थानिक वर्तमानपत्रात सलग चार आठवडे, आठवड्यातून एकदा जाहिरात द्यावी लागते आणि अर्जाची प्रत लोकांना पाहण्यासाठी जवळपास उपलब्ध ठेवावी लागते. शेवटच्या जाहिरातीनंतर 30 दिवसांपर्यंत लेखी हरकती घेता येतात आणि अनौपचारिक सुनावणीची मागणीही करता येते. स्थानिक नगरप्रशासनाला खाणीच्या कामकाजाचे स्वतःचे नियम करता येत नाहीत, कारण राज्याचा कायदा त्यांवर मात करतो. जमीनवापराचे विभाग ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे राहतो. त्यामुळे पुष्कळ हरकतदार ट्रकांच्या आवाजाची तक्रार घेऊन अर्ज तपासणाऱ्या राज्याच्या पर्यावरण संरक्षण खात्यासमोर येतात आणि विहिरीविषयी नगरसभेत बोलतात, म्हणजे दोन्ही मुद्दे चुकीच्या टेबलावर जातात. खात्याकडे लिहिताना आपल्या विहिरीची खोली, आजची पातळी आणि उन्हाळ्यातली पातळी तारखेसह लिहावी. तशा हरकतीला भूजलाच्या भागातील आकड्यांशी जोडून उत्तर देणे खात्याला भाग पडते. परवाना मिळाला किंवा नाकारला गेला, तर त्यावर पर्यावरण सुनावणी मंडळाकडे अपील करण्याची मुदतही 30 दिवसांचीच आहे.