अंदमान कमी खर्चात: आधी बोटीचं वेळापत्रक, मग बाकीचं

दरवर्षी साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बातमी येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. आपल्याकडे ती वाचून हायसं वाटतं. अंदमानला निघणाऱ्याने मात्र तिथे हंगाम संपला असं समजावं. तिथून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस, त्यामागोमाग वर्षअखेरपर्यंत ईशान्य मोसमी आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तर ती बेटं इतकी गच्च हिरवी आहेत. भरवशाचे कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. त्यातही नाताळ आणि नव्या वर्षाची गर्दी ओसरली की मार्चच्या परीक्षांपर्यंत विमानांचे आणि खोल्यांचे दर खाली असतात. दिवाळीच्या सुट्टीतल्या अंदमानपेक्षा फेब्रुवारीतलं अंदमान स्वस्तही आणि शांतही. आम्ही चौघी मैत्रिणी फेब्रुवारीतच गेलो.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा विमानाचा. चेन्नई आणि कोलकात्याहून सुमारे दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण आहे. आपल्या गावाहून थेट तिकीट महाग दिसत असेल तर चेन्नईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून पुढचं विमान, असा हिशोब करून बघा. आम्हाला तोच परवडला. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण ती महिन्यातून मोजक्या वेळा सुटतात आणि वाटेतच साधारण तीन दिवस जातात. ज्याच्याकडे सुट्टी भरपूर आहे आणि ज्याला समुद्राचीच ओढ आहे त्याने जहाजाने जरूर जावं. नोकरदार माणसाचे त्यात जाता-येता सहा दिवस संपतात.

आता मुख्य मुद्दा. अंदमानात खिसा रिकामा होतो तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना. सहलीच्या ठरावीक पॅकेजमध्ये पाच रात्रींत तीन बेटं कोंबलेली असतात, प्रत्येक वेळी खासगी बोट, जेट्टीवरून हॉटेलपर्यंत गाडी, हॉटेलवरून किनाऱ्यापर्यंत गाडी. माणूस फिरत राहतो आणि प्रत्येक फिरण्याचे पैसे देत राहतो. आम्ही उलट केलं. सरकारी बोटींचं वेळापत्रक समोर ठेवलं, कुठल्या दिवशी कुठून कुठे जाता येतं ते लिहून काढलं आणि त्याभोवती मुक्काम बसवले. हॉटेलं शेवटी. बेटं कमी, प्रत्येक बेटावर मुक्काम जास्त. या एका निर्णयाने जेवढे पैसे वाचले तेवढे बाकी सगळी काटकसर मिळून वाचले नसतील.

सरकारी बोटी जहाज सेवा संचालनालय चालवतं. पोर्ट ब्लेअरला त्या फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. तिकीट ऑनलाइन मिळतं, खिडकीवरही मिळतं, पण प्रवासाच्या काही दिवस आधीच विक्री सुरू होते आणि स्थानिकांना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे: त्यांच्यासाठी ती बोट म्हणजे दवाखाना, कॉलेज, बाजार. खासगी कॅटामरानची, म्हणजे दुहेरी तळाच्या वेगवान बोटींची, तिकिटं कितीतरी आधी काढता येतात, पण एका खेपेला माणशी दीड ते दोन हजार रुपये धरून चला. सरकारी बोटीचं भाडं त्याहून बरंच कमी. वेळ थोडा जास्त लागतो. हॅवलॉक बेटावर खासगी बोट दीड-दोन तासांत पोचते, सरकारी अडीच तासांच्या आसपास. पण खासगी बोटीत बहुतेक वेळ काचेमागे, एसीत बसून राहावं लागतं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. उडते मासे पाण्यावरून सरसर जाताना आम्ही पाहिले ते डेकवरूनच. केवळ पैशांचा प्रश्न नसता तरीही मी सरकारी बोटच निवडेन.

तिकिटावर नावं नवी असतात, तेवढं लक्षात ठेवा. डिसेंबर २०१८पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बोलण्यात जुनीच नावं चालतात, मीही तीच वापरते आहे.

समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, सरकारी आणि खासगी दोन्ही. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचा बेत कुणी सुचवला तर ऐकू नका. चुकलेल्या विमानाच्या नव्या तिकिटात आणखी एक आख्खी सहल होते.

आमचा क्रम असा होता: पोर्ट ब्लेअर, तिथून नील, नीलहून हॅवलॉक, परत पोर्ट ब्लेअर आणि मग बसने उत्तरेला दिगलीपूर.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये अशी ती रचना आहे. आपल्याकडचे लोक सावरकरांची कोठडी पाहायला जातात. १९११ ते १९२१ ते इथे होते, थोरले बंधू बाबारावही इथेच होते. ती पाहाच. पण मनोऱ्यातल्या नावांच्या पाट्याही थांबून वाचा. बंगाल, पंजाब, नावांमागून नावं, आणि त्यातली बहुतेक आपण कधी ऐकलेलीही नसतात. मला तिथून हलवेना.

अंदमानातल्या दिवसाचं गणित वेगळं आहे. घड्याळ भारताचंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे फेब्रुवारीत पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने नऊला नाश्ता करून बाहेर पडलात तर निम्मा दिवस गेलेला असतो. पाचला उठा, सहाला किनाऱ्यावर असा. त्या वेळी ऊन कोवळं असतं, पाणी नितळ असतं, आणि गाड्या भरभरून येणारी माणसं अजून हॉटेलात असतात. अख्खा किनारा फुकटात तुमचा. दुपारी झोपा.

नील मला सगळ्यात आवडलं. बेट लहान, बरंचसं सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर आरामात जाता येतं. भाताची खाचरं, सुपारी, केळी, भाजीचे मळे, आणि मध्येच झाडीतून निळा समुद्र. इथली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते, त्यामुळे शाकाहारी माणसाचं पोट इथे ताज्या भाजीने भरतं. साधी, पंख्याची खोली हजार-दीड हजारात मिळाली. किनाऱ्याला लागून असलेल्या रिसॉर्टचा आग्रह धरू नका. नीलवर कुठेही राहिलात तरी समुद्र चार पावलांवरच आहे.

नीलला जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा काढून ठेवा. हे कुणी आवर्जून सांगत नाही आणि त्यावर सगळं अवलंबून असतं. प्रवाळखडकाची ती नैसर्गिक कमान, जिला नॅचरल ब्रिज म्हणतात, तिच्यापर्यंत ओहोटीलाच नीट जाता येतं. त्या वेळी खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे, शिंपल्यांतले जीव असं सगळं गुडघाभर पाण्यात दिसतं. लोक हेच बघायला काचेच्या तळाच्या बोटीला पैसे देतात. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब ओसरतं. आम्ही नीलचा मुक्काम पौर्णिमेशी जुळवला होता. पायात जाड तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, आणि पाय टाकायचा तो वाळूवर किंवा उघड्या खडकावर. जिवंत प्रवाळावर टाकलेलं एक पाऊल कित्येक वर्षांची वाढ मोडतं. २०१०मध्ये समुद्र तापल्याने इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे उरलं आहे, जे पुन्हा वाढतं आहे, ते आपल्या पायाखाली जाऊ नये.

हॅवलॉकवर स्कूटर घ्या. दिवसाला पाचशे रुपयांच्या आसपास, परवाना सोबत हवा. जेट्टीपासून राधानगर किनारा दहा-बारा किलोमीटर आहे. सरकारी बसही जाते, पण तिच्या खेपा कमी. राधानगरची कीर्ती मोठी आहे आणि ती खरी आहे. पण तिथे मला वाळूपेक्षा वाळूमागची झाडं थोर वाटली. किनाऱ्याला लागून उंचच उंच सरळसोट खोडं, त्यांच्याखाली दुपारीही गारवा. सूर्यास्ताला गर्दी होते, सकाळी जा. एलिफंट बीचला जंगलातून पायवाट आहे, पण ती चालू आहे का, वाटाड्या बंधनकारक आहे का, याची चौकशी आदल्या दिवशी करा, कारण नियम बदलतात. वाट बंद असली तर बोटीने जावं लागतं. जेवायला जेट्टीजवळच्या गोविंदनगरच्या बाजारात या. बंगाली पद्धतीची मासे-भाताची थाळी दोनशे-तीनशेत मिळते. रिसॉर्टच्या जेवणाच्या किमतीबद्दल न बोललेलं बरं.

स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पैसे वाचवायचे असतील तर सगळीकडे वाचवा, इथे स्वस्तातला शोधू नका. ज्या केंद्रात आधी उथळ पाण्यात शिकवतात आणि एका प्रशिक्षकामागे एकच नवखा माणूस देतात, तिथेच जा. ते जमत नसेल तर मास्क आणि नळी घेऊन उथळ पाण्यात पोहा, आनंद कमी होत नाही.

आता दिगलीपूर. तिथे फार थोडे लोक जातात आणि खरं हिरवं अंदमान तिथेच आहे. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बस पहाटे निघते आणि सुमारे तीनशे किलोमीटरला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. वाटेत जिरकाटांगला वाहनांचा ताफा जमवतात आणि पोलिसांच्या देखरेखीखाली जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून नेतात. तिथे थांबणं, फोटो काढणं, खिडकीतून काही देणं, सगळं गुन्हा आहे. ते जंगल त्यांचं आहे, आपण त्यांच्या अंगणातून चाललो आहोत. मी फोन पिशवीत ठेवला आणि झाडं बघितली: पडौक, गर्जन, वेलींनी लपेटलेली, आभाळ झाकणारी. ‘जारवा दिसतील’ असं सांगून कुणी गाडी भाड्याने देऊ लागला तर त्या गाडीत पाऊल ठेवू नका. या रस्त्याने जायला मन घेत नसेल तर दिगलीपूरला अधूनमधून जहाजही जातं, त्याची चौकशी फिनिक्स बेला करा.

दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याचे कर्मचारी सांगतील तिथेच उभं राहायचं, बॅटरीचा झोत टाकायचा नाही. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत. एरियल बे जेट्टीवरून बोट मिळते, परवानगीही लागते. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून जेट्टीवर आणखी कुणी आहे का बघून वाटून घ्या. सॅडल पीक ७३२ मीटर उंच आहे, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. आकडा ऐकून सह्याद्रीत फिरणारे हसतील, पण चढ जवळजवळ समुद्राच्या काठापासून सुरू होतो आणि हवा इतकी दमट की दोन लिटर पाणी अर्ध्यातच संपतं. पहाटे निघा, तीन लिटर पाणी घ्या.

हातात एकच आठवडा असेल तर दिगलीपूर किंवा हॅवलॉक, एकच ठेवा. मी हॅवलॉक सोडेन. बरेच जण याच्याशी सहमत होणार नाहीत, पण हॅवलॉकला पुन्हा कधीही जाता येईल.

किरकोळ पण कामाचं: रोख जवळ ठेवा, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा नाही. मोबाइलचं नेटवर्क २०२०मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून सुधारलं आहे, तरी बोटीचं तिकीट फोनवर न ठेवता छापून घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत हवी. बोट लागणाऱ्यांनी गोळी बोट सुटण्याआधी अर्धा तास घ्यावी. काही किनाऱ्यांवर मगरीची सूचना देणारे फलक असतात. ते शोभेचे नाहीत, तिथे पाण्यात उतरू नका. शंख-शिंपले आणि प्रवाळ, मेलेलंसुद्धा, उचलून आणू नका. वन्यजीव कायद्याने ते गुन्हा ठरू शकतं आणि विमानतळावर सामान तपासतात.

परतीच्या आदल्या दिवसासाठी, पोर्ट ब्लेअरला, एक स्वस्त आणि सुंदर बेत आहे. चॅथमहून वाहनं नेणाऱ्या सरकारी बोटीने बांबू फ्लॅटला जा, तिकीट नावापुरतं असतं. तिथून माउंट मणिपूर, म्हणजे जुनं माउंट हॅरिएट. जुन्या लाल रंगाच्या वीस रुपयांच्या नोटेमागे दीपगृह आणि नारळाची झाडं होती, ते दृश्य इथलंच. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढून जंगलातल्या वाटेने दोन-तीन तास चाला, पक्षी भरपूर. उतरायच्या वाटेवर जीपा कमी असतात, म्हणून बांबू फ्लॅटहून परतीच्या बोटींच्या वेळा वर जाण्याआधीच विचारून ठेवा.