सांची: घोड्यावर कोणी नाही, पण छत्री धरलीये

भोपाळजवळच्या सांचीचा बौद्ध स्तूप बघायला जाणार असाल तर दुर्बीण नक्की न्या, मोबाईलचा झूम पुरत नाही. खरं कोरीवकाम तोरणांच्या, म्हणजे स्तूपाच्या चार दिशांना असलेल्या दगडी प्रवेशद्वारांच्या, आडव्या पट्ट्यांवर आहे आणि त्या चांगल्या दोन मजले उंचीवर आहेत.

आम्ही मुंबईहून पंजाब मेलने भोपाळला गेलो, मुक्काम तिथेच केला आणि सकाळी लवकर गाडी करून निघालो, अंतर साधारण 46 किमी. सांचीचं स्टेशन छोटं आहे, सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, म्हणून तिकीट भोपाळ नाहीतर विदिशाचं काढा. लवकर जायचं कारण म्हणजे पूर्वेच्या तोरणावर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि बघायची सुरुवात तिथूनच करायला हवी.

या तोरणाची मधली पट्टी म्हणजे सिद्धार्थाने घर सोडलं तो प्रसंग. डावीकडे कपिलवस्तू, तटबंदी आणि माणसांची गर्दी. तिथून त्याचा कंथक घोडा बाहेर पडतो, तोच घोडा पुढे पुढे परत परत कोरलाय, पाठीवर कोणीच नाही पण वर छत्री धरलेली (तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कोरलेला नाही, छत्री, पावलं अशा खुणांनीच तो दाखवलाय), खाली यक्षांनी खूर हातावर झेललेत म्हणजे टापांचा आवाज होऊ नये. उजव्या टोकाला नुसती पावलं, छत्री आता त्या पावलांवर आणि त्याचा सारथी छन्न गुडघे टेकून बसलाय. त्याच्या खालून घोडा परत निघालाय, आता छत्रीशिवाय.

मी हे आईला समजावून सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, हा तर माउलींचा अश्व! रिंगणात त्याच्यावर तरी कोण बसतं?" मी इतकं वाचून गेले होते पण हे मला सुचलं नव्हतं. वारीत पालखीत पादुका असतात, आपण "माउली निघाले" म्हणतो, कोणालाही काही रिकामं वाटत नाही. त्यानंतर मला सांचीतलं रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र हे सगळं वेगळंच दिसायला लागलं. काही अभ्यासक म्हणतात की रिकाम्या आसनाची बरीच दृश्यं बुद्धाच्या आयुष्यातली नाहीतच, नंतरच्या लोकांनी त्या जागांची केलेली पूजा आहे. असेल, काही पॅनेलना ते लागू पडतंही, पण या घोड्याला नाही असं माझं ठाम मत आहे.

मग प्रदक्षिणेच्या दिशेने दक्षिण तोरणाकडे या. जाताना दगडी कठडा हात न लावता जवळून बघा, उभ्या खांबात खाच पाडून आडवे दगड बसवलेत, अगदी सुतार लाकडात करतो तसं. दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत: एकात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद याचं दान, म्हणजे आपले सातवाहन, आणि दुसऱ्यात विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केल्याचं लिहिलंय. इतकं बारीक काम दगडात कसं आलं ते इथे कळतं. शेजारी अशोकस्तंभाचा तुटका बुंधा आहे, कोणा जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तो फोडला म्हणतात, फार वाईट वाटलं.

आता आत, स्तूपाच्या भिंतीला टेकून चार बुद्धमूर्ती आहेत, गुप्तकाळातल्या, इ.स. 450 च्या आसपासच्या. तोरणांनंतर चारशे-साडेचारशे वर्षांनी बुद्ध प्रत्यक्ष बसलेला दिसतो, हात मांडीवर, ध्यानात, मागे नक्षीदार प्रभावळ. घाईत लोक यांच्याच पुढे फोटो काढून जातात. तुम्ही आधी घोडा बघा, मग इथे या.

पायथ्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष तिथेच आहे, तेव्हा वार बघून जा. वर सावली कमी आहे, पाणी आणि टोपी हवीच. नोव्हेंबरअखेर सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या दोन मुख्य शिष्यांच्या अस्थींच्या दर्शनाला मोठी गर्दी असते, दर्शन हवं असेल तर तेव्हा जा, कोरीवकाम शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. आणि दुपारनंतर परत एकदा पश्चिमेच्या तोरणाशी थांबा, ऊन तोवर तिकडे आलेलं असतं, खांबांवरचे ढेरपोटे यक्ष तेव्हाच नीट दिसतात.