सिमेंट, मनिऑर्डर आणि अंतुलेसाहेब

आमच्या रायगडातल्या म्हसळा तालुक्यात माजी मुख्यमंत्री अंतुलेसाहेबांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘साहेब होते म्हणून झालं.’ दुसरं, ‘साहेबांना अडकवलं.’ पहिल्याशी माझं काही भांडण नाही. दुसरं मात्र खटकतं, आणि हल्ली जास्तच खटकतं, कारण आता ते १९८२ नंतर जन्मलेली पोरंही छातीठोकपणे बोलतात. कशात अडकवलं, असं विचारलं तर ‘काहीतरी सिमेंटचं होतं’ यापलीकडे कोणाला सांगता येत नाही.

ते ‘काहीतरी सिमेंटचं’ मला चांगलं आठवतं. माझे वडील गवंडी होते.

१९८०-८१ साली सिमेंट दुकानात जाऊन विकत घेता येत नव्हतं, हे आज सांगितलं तर पोरांना पटत नाही. भाव सरकारने ठरवलेला, वाटपही सरकारच्या हातात. घर बांधायचं तर अर्ज करायचा, कचेरीत खेपा घालायच्या, परमिट निघायची वाट बघायची. निघालंच तर मागितल्याच्या निम्म्या गोणी पदरात पडायच्या. परमिटाशिवाय हवं असेल तर काळा बाजार, आणि तिथला भाव आमच्याकडच्या माणसाने नुसता ऐकायचा. म्हणून बाबा जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत मातीत रचायचे आणि सिमेंट फक्त बाहेरच्या अंगाच्या दरजा भरायला वापरायचे. आमचा पाऊस आडवा लागतो. दरजा उघड्या राहिल्या तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीतली माती वाहून जायची.

तेव्हा सिमेंटच्या गोणी तागाच्या असत. रिकामी झालेली गोण फेकायची नाही, हा बाबांचा दंडक. ती उलटी करून कापडावर झटकायची, शिवणीत अडकलेलं बोटांनी खरवडून काढायचं, मग चाळायचं. हे काम माझं. नाकातोंडात पूड जायची, घसा धरायचा, पापण्या राखाडी व्हायच्या. आठ-दहा गोणींतून घमेल्याच्या बुडाशी जेमतेम थर जमायचा. तो बाबा उंबऱ्याच्या जोडाला वापरायचे, कारण पाणी पहिल्यांदा तिथूनच आत येतं. खिडक्यांवरच्या लिंटलसाठी घरमालकाने दोन गोणी माळ्यावर लपवून ठेवलेल्या असत. एका घराचं काम तर लिंटलपर्यंत येऊन थांबलं ते थांबलंच. परमिट पुढच्या खेपेला मिळेल असं सांगितलं होतं. त्या कुटुंबाने अख्खा पावसाळा अर्ध्या भिंतींवर झावळ्या टाकून काढला.

याच वर्षांत आमचा माणूस मुंबईत मुख्यमंत्री होता.

आंबेत हे साहेबांचं गाव, सावित्रीच्या खाडीकाठचं. १९२९ चा जन्म. शिकत शिकत लंडनपर्यंत गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाले. खरी परीक्षा १९७७ नंतर झाली. इंदिरा गांधी हरल्या, काँग्रेस फुटली, महाराष्ट्रातले भलेभले त्यांना सोडून गेले. साहेब जागचे हलले नाहीत. १९८० साली बाई परत आल्या आणि ९ जूनला अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री, आणि तेही आमच्या खाडीवरचे. आमच्या वाडीत तेव्हा वीजही नव्हती. बाबांनी शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांकडे जाऊन रेडिओवर बातमी ऐकली होती, आणि दोघांनी एकमेकांना गूळ भरवला होता.

साहेबांच्या कामाचा झपाटा दांडगा होता, हे कोणीही नाकारू नये. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. आणि १९८० मध्येच संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली होती. या योजनेबद्दल मी हात राखून बोलणार नाही. माझी थोरली आत्या तिशीच्या आत विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आयुष्यभर भावाच्या घरी राबली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाने मनिऑर्डर आली तेव्हा पोस्टमनने ओटीवर उभं राहून तिचं पूर्ण नाव घेतलं. आम्हा मुलांना ते नाव माहीतच नव्हतं, आम्ही तिला आत्याच म्हणायचो. अंगठा उठवून तिने पैसे घेतले आणि त्यातून चहापूड आणि साखर आणून आईच्या हातात दिली. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात तिचा शब्द चालू लागला. मरेपर्यंत ती साहेबांचं नाव देवाच्या नावासोबत घेत असे.

तर असा माणूस दीड वर्षात खाली कसा आला?

ऑक्टोबर १९८० मध्ये साहेबांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा ट्रस्ट काढला. लेखक-कलावंतांना मदत करायची, हा हेतू सांगितला होता. ट्रस्टकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला, आणि देणाऱ्यांत मुंबईचे बिल्डर होते. त्याच बिल्डरांना सिमेंटचे कोटे मिळत होते. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये हे प्रकरण बाहेर काढलं आणि देशभर गदारोळ झाला. विरोधकांनी उच्च न्यायालयात याचिका केली. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, की देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा एकमेकांशी संबंध आहे. साहेबांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले. पुढच्याच महिन्यात, २८ फेब्रुवारीला, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं आणि काही माल खुल्या भावाने मिळू लागला. बाबांची कामं त्यानंतर हळूहळू मार्गी लागली.

आता मघाचे चाचा. ते ऐंशीच्या पुढे आहेत, कान शाबूत आहेत, आणि या विषयावर आमचं दर ईदेला वाजतं. त्यांचा मुद्दा पक्का आहे. ‘अरे, त्यातला एक पैसा त्याने घरी नेला का? पैसे ट्रस्टला गेले. मग लाच कुठली?’

हा मुद्दा मी अनेक शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलाय, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्या वेळी लाचेचा गुन्हा भारतीय दंड विधानाच्या कलम १६१ मध्ये होता. सरकारी काम करण्याबद्दल स्वतःसाठी ‘किंवा इतर कोणासाठी’ मोबदला घेणं, असं त्यात स्पष्ट होतं. पैसा कोणाच्या खिशात गेला हा प्रश्नच कायद्याने मोडीत काढलाय, आणि बरोबर केलंय. कारण सिमेंट साहेबांचं नव्हतं. ते वाटून द्यायचा अधिकार होता, आणि तो गरज बघून वापरायचा होता. देणगी देणाऱ्याला आधी मिळालं म्हणजे न देणाऱ्याचं मागे पडलं. मुंबईत बिल्डरला गेलेली गोण आणि आमच्याकडे झावळ्यांखाली पावसाळा काढणारं घर यांच्यात थेट धागा आहे असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध करता येणार नाही. पण गोणी मोजक्याच होत्या. रांगेत कोणीतरी मागे ढकललं गेलंच.

‘अडकवलं’ या शब्दात हा मागे ढकललेला माणूस कुठेच दिसत नाही. त्यात फक्त साहेब आणि त्यांचे शत्रू उरतात.

फौजदारी खटल्याची कथा मात्र वेगळी, आणि तिथे मी साहेबांच्या बाजूनेही बोलेन. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार केली होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद आता त्यांच्याकडे नाही, त्यामुळे खटला भरायला वेगळी सरकारी मंजुरी लागत नाही. इथपर्यंत ठीक. पण सोबतच खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. साहेबांनी ते लढवलं. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केलं की ही चूक आपल्याच न्यायालयाची होती. कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशाने चालवायचे आणि आरोपीला वर अपिलाची पायरी मिळायची. ती साहेबांकडून हिरावली गेली. हा निकाल मला पटतो. गवंड्याला जो कायदा तोच मुख्यमंत्र्याला, हे दोन्ही बाजूंनी खरं असायला हवं. पण या साऱ्यात वर्षं गेली, आणि साहेबांना त्या प्रकरणात शिक्षा अशी झालीच नाही. दोषी की निर्दोष, ते खुल्या कोर्टात साक्षीपुरावे होऊन वेळेत ठरलं असतं तर आज पोरांना ‘अडकवलं’ म्हणायला जागा राहिली नसती. मला त्याचं वाईट वाटतं, त्यांच्यासाठीही.

पुढे ते १९८९ पासून पुन्हा खासदार झाले, केंद्रात आरोग्यमंत्री झाले, मनमोहन सिंगांच्या सरकारात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २००९ साली अनंत गीतेंनी त्यांना रायगडमध्ये हरवलं. २ डिसेंबर २०१४ ला ते गेले. मुख्यमंत्रिपद मात्र परत कधी मिळालं नाही.

गेल्या ईदेला चाचांनी माझ्यापुढे शिरकुर्म्याची वाटी सरकवली आणि म्हणाले, ‘तुझ्या आत्याने त्याचं मीठ खाल्लंय, हे विसरू नकोस.’ मी विसरलेलो नाही. पण आत्याचे पैसे सरकारच्या तिजोरीतून आले होते, साहेबांच्या खिशातून नव्हे, आणि ते देताना तिच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. ती निराधार आहे एवढंच बघितलं होतं. साहेबांना असं देता येत होतं, त्यांनीच ते करून दाखवलं होतं. मग सिमेंटच्या बाबतीत ते त्यांनी का केलं नाही, एवढंच मी चाचांना विचारलं. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि पुढच्या ईदेला मी पुन्हा विचारणार आहे.