तुम्ही विचारलंत म्हणून : सोलापुरात बसून गोल्फ आणि कर्लिंगची बातमीदारी

"आपल्याकडं ना गोल्फ, ना बर्फ. मग हे दोन खेळ धरून क्रीडा पत्रकाराचं पोट भरतं का हो?" पत्रकारितेचा कोर्स करणारी पोरं हे विचारतात, त्यांचे वडील विचारतात, पार्क स्टेडियमवर कबड्डी बघत शेजारी बसलेले काकाही विचारतात. हो किंवा नाही एवढ्यावर भागत नाही, म्हणून जरा सविस्तर. (कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवत पलीकडच्या वर्तुळाच्या केंद्राजवळ पोचवायचा सांघिक खेळ.)

आधी पैशाचं. नुसत्या गोल्फ-कर्लिंगवर सोलापुरात घर चालत नाही. ते चालतं डेस्कच्या नोकरीवर, नाहीतर शालेय स्पर्धा, खो-खो, कुस्ती आणि जिल्हा क्रिकेटच्या रोजच्या बातम्यांवर. हे दोन खेळ म्हणजे तुमचा खास विषय. त्याला भाव वर्षातून मोजक्या वेळी येतो, पण येतो तेव्हा संपादकाकडं दुसरं कुणी नसतं. ७ ऑगस्ट २०२१ आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं गेलं. ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिलं नव्हतं असे लोक त्या सकाळी टीव्हीला चिकटून होते. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि पानं त्यानं व्यापली, हा तिच्या बातमीचा दैवयोग. पण तेवढ्या अर्ध्या दिवसात बर्डी-बोगीचा (होलला ठरल्यापेक्षा एक फटका कमी किंवा एक जास्त) अर्थ समजावून मराठीत नेटकं लिहू शकणाऱ्याची किंमत कळली.

हे दोनच खेळ का, याचं निम्मं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. कर्लिंगचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि जागतिक स्पर्धा मार्च-एप्रिलमध्ये उरकतात. गोल्फच्या चार मेजर स्पर्धा तिथून पुढं : एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए चँपियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन, जुलैत द ओपन. उरलेलं निम्मं उत्तर स्वभावाचं. दोन्हीकडं खेळाडू आपली चूक आपणच सांगतो. चालत्या दगडाला ब्रश लागला तर तो संघ स्वतः जाहीर करतो, आणि गोल्फर स्वतःच स्वतःला दंडाचा फटका लावून घेतो. क्रिकेटची अर्धी बातमी पंचांच्या निर्णयावर निघते, ती सोय इथं नाही. मग लिहिण्यासारखं दोन गोष्टींत सापडतं : पृष्ठभाग कसा होता, आणि त्यावर खेळाडूनं कोणता पर्याय निवडला. माझ्या मते या दोन खेळांची सगळी बातमीदारी एवढ्यावर उभी आहे.

पृष्ठभागापासून सुरू करू, कारण नवखा तिथंच फसतो. गोल्फच्या ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, वेग स्टिंपमीटरनं मोजतात. ती ३६ इंच लांबीची खाच असलेली पट्टी. ती ठरावीक कोनापर्यंत उचलली की चेंडू सुटतो, सपाट जागेवर किती फूट जातो ते मोजतात, मग उलट दिशेनं मोजून सरासरी काढतात. आकडा मोठा, तर ग्रीन वेगवान. कर्लिंगमध्ये वेग सेकंदांत सांगतात : दगड जवळच्या हॉग लाइनपासून (तिच्याआधी तो हातातून सोडावा लागतो) पलीकडच्या टी लाइनपर्यंत (वर्तुळाच्या केंद्रातून जाणारी रेषा) किती वेळात पोचला. इथं २५ सेकंदांचा बर्फ २३ सेकंदांच्या बर्फापेक्षा वेगवान. उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. बर्फ जितका निसरडा तितका दगड हळू सोडावा लागतो, आणि हळू निघालेल्याला पोचायला जास्त वेळ लागतो. एजन्सीच्या कॉपीतले '२५ सेकंद' वाचून 'बर्फ संथ होता' असं लिहिणारे आहेत. अशा एका वाक्यावर जाणकार वाचक पुढचं वाचणं सोडतो.

हा बर्फ काचेसारखा गुळगुळीतही नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुरळ तयार करतात, त्याला पेबल म्हणतात. दगडाचा तळ खोलगट, त्यामुळं तो कडेच्या अरुंद वर्तुळावर आणि या पुरळावर चालतो. सामना पुढं सरकतो तसा पेबल झिजतो, ज्या वाटेनं जास्त दगड गेले ती वाट वेगळं वागायला लागते. म्हणून पाचव्या एंडला (एंड म्हणजे सामन्यातला एक डाव) बरोबर बसलेला फटका नवव्या एंडला लांब जातो. हे टीव्हीवर दिसत नाही, पण स्किप (कर्णधार) आणि सहकाऱ्यांच्या बोलण्यात सारखं येतं. प्रक्षेपणात खेळाडूंच्या अंगावर माइक असतात. समालोचकापेक्षा त्यांचं ऐका.

सोलापूरकराला कर्लिंगमधला एक वाद लगेच कळावा, तो कापडाचा आहे. ब्रश घासला की दगड लांब आणि सरळ जातो, हे मूळ तत्त्व. २०१५ च्या सुमारास ब्रशच्या तोंडावर असं खरखरीत, लेप दिलेलं कापड आलं की घासणारा दगडाला जवळपास हवा तिकडं वळवू लागला. फेकणाऱ्याचं कौशल्य बाजूला पडलं. अव्वल संघांनीच तक्रार केली, बर्फावर चाचण्या झाल्या, आणि मोठ्या स्पर्धांसाठी सगळ्यांना एकच ठरलेलं कापड आलं. वीण आणि लेप बदलला की टॉवेल पाणी कसं शोषतो, हे ज्या गावात पोरंही सांगतात, तिथं याची बातमी खेळाच्या पानाबाहेरही चालेल.

आता निर्णयाकडं. कर्लिंगच्या एका एंडमध्ये दोन्ही संघ आठ-आठ दगड टाकतात आणि गुण एकाच संघाला मिळतात : प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा केंद्राजवळ तुमचे जितके दगड, तितके. शेवटचा दगड ज्याचा, त्याच्याकडं हॅमर. एका संघानं गुण घेतले की पुढच्या एंडला हॅमर दुसऱ्या संघाकडं. कुणालाच गुण मिळाले नाहीत तर हॅमर जिथल्या तिथं राहतो. त्यामुळं एकच गुण हाती लागत असेल तर हॅमरवाला बरेचदा शेवटचा दगड मुद्दाम आरपार सोडून देतो. नवख्या बातमीदाराला ती चूक वाटते आणि तो 'दगड हुकला' असं लिहितो. मिक्स्ड डबल्समध्ये मात्र एंड कोरा गेला की तो फायदा प्रतिस्पर्ध्याला मिळतो, म्हणून तिथं असं सहसा करत नाहीत.

याचा उपयोग असा. सामना पाहिला नसेल, फक्त एंडनिहाय गुणांची पट्टी हातात असेल, तरी पहिल्या एंडला हॅमर कुणाकडं होता एवढं कळलं की बाकी सगळं काढता येतं. पेन्सिल घ्या, प्रत्येक एंडवर हॅमरवाल्याच्या खाली टिंब करत चला. टिंब नसलेल्या संघानं जिथं गुण घेतले ती चोरी, म्हणजे स्टील. सामना बहुधा तिथं किंवा तीन-चार गुणांच्या मोठ्या एंडमध्ये फिरलेला असतो. एका रकान्यात दोन्ही संघांना गुण दिसले तर टायपिंगची चूक आहे, फोन करा. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकची पुरुषांची फायनल पाहा : अमेरिका आणि स्वीडन ५-५, आठव्या एंडला जॉन शुस्टरच्या शेवटच्या दगडानं दोन स्वीडिश दगड उडवले आणि अमेरिकेला पाच गुण मिळाले. शेवटी १०-७. या बातमीचा पहिला परिच्छेद आठव्या एंडचा, पहिल्या सात एंडना दोन ओळी पुरे. आणि दहावा एंड होईलच असं धरून वेळ आखू नका. हरणारा संघ आधीच हात मिळवून मोकळा होतो, आणि तो शिष्टाचार समजला जातो.

फटक्यांची टक्केवारी जपून वापरा. प्रत्येक फटक्याला ० ते ४ गुण देऊन ती काढतात. स्किपनं जे मागितलं ते जमलं का, एवढंच ती सांगते. मागितलं तेच चुकीचं होतं का, हे नाही. शिवाय स्किपच्या वाट्याला शेवटचे, अवघड दगड येतात. त्याची टक्केवारी लीडपेक्षा (संघाचे पहिले दगड टाकणाऱ्यापेक्षा) कमी दिसली म्हणून तो वाईट खेळला असं होत नाही.

गोल्फमध्ये आकड्यांचे सापळे वेगळे. ६८ म्हणजे चार अंडर, हे पार (कोर्ससाठी ठरलेले फटके) ७२ च्या कोर्सवर. पार ७० असेल तर दोनच. लिडरबोर्डवर खेळाडूचे किती होल झाले त्या आकड्यापुढं फुली (*) असेल तर तो दहाव्या होलपासून सुरू झाला आहे, म्हणजे 'पहिल्या टप्प्यात' असं लिहिलं की फसलात. 'टी ५' म्हणजे पाचवं स्थान विभागून. कट, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर पुढं कोण खेळणार याची मर्यादा, प्रत्येक स्पर्धेची निराळी : मास्टर्समध्ये पहिले ५० आणि बरोबरीवाले, यूएस ओपनमध्ये ६०, पीजीए चँपियनशिप आणि द ओपनमध्ये ७०. आणि स्कोअरकार्डावर सही होईपर्यंत निकाल छापायचा नाही. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो डी व्हिसेंझोनं सतराव्या होलला ३ फटके घेतले, सोबतच्या खेळाडूनं कार्डावर ४ लिहिले, आणि त्यानं न बघता सही केली. कार्डावरचा जास्त आकडा नियमानं कायम राहिला, प्लेऑफ हुकला, बॉब गोल्बी जिंकला. कमी आकड्यावर सही झाली असती तर थेट बाद.

'सोपा पट (ग्रीनवर चेंडू होलकडं ढकलायचा फटका) हुकला' हे वाक्य शक्यतो लिहूच नका. पीजीए टूरवरचे खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. १३ एप्रिल २०२५ ला ऑगस्टा इथल्या मास्टर्समध्ये रोरी मॅकिलरॉयचा अठराव्या होलवर पाचेक फुटांचा पट चुकला, तो गेला असता तर तिथंच जेतेपद होतं. मग जस्टिन रोझविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्याच होलला बर्डी, आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा. इथं त्या वेळी १४ तारखेची पहाट झाली होती आणि अख्खं सोलापूर जयंतीच्या तयारीत होतं.

इथून येतो घड्याळाचा मुद्दा. मास्टर्सची शेवटची फेरी आपल्याकडं सोमवारी पहाटे साडेचारच्या आसपास संपते. सोमवारच्या छापील अंकात तिसऱ्या फेरीची स्थिती जाते, निकाल मंगळवारी. त्यामुळं पहाटे वेबसाइटसाठी दीडशे शब्दांचा निकाल द्या आणि मंगळवारच्या अंकासाठी 'का'चा मजकूर लिहा, तोच पुन्हा छापू नका. द ओपनचं गणित जास्त जिवावरचं. ती रात्री साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान संपते, नेमकं पान सुटायच्या वेळेला. दोन संभाव्य विजेत्यांची कॉपी तयार ठेवा, वर फक्त पहिला परिच्छेद बदला. मार्चमध्ये आणखी एक घोळ असतो. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत घड्याळ दुसऱ्या रविवारी पुढं जातं, युरोपचं शेवटच्या रविवारी, आपलं हलत नाही. महिलांची जागतिक कर्लिंग याच आठवड्यांच्या आसपास येते, म्हणून सामन्याची वेळ रोज नव्यानं भारतीय वेळेत मांडा.

प्रत्यक्ष गोल्फ बघायचं तर पुणं गाठा. पूना क्लबचं कोर्स येरवड्याला आहे, व्यावसायिक स्पर्धा तिथं होतात, आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणं परवडतं. माध्यम परवानगी आयोजकांकडून आधी ईमेलनं घ्या. बूट मऊ तळाचे, फोन बंद, खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की तुम्ही आहात तिथं थांबायचं. त्याच्या पटच्या रेषेत आणि ग्रीनवर पाय ठेवायचा नाही. अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल, तेव्हा पाणी आणि टोपी लागतेच, भाकरी-चटणी बांधून नेली तर उत्तम. सगळ्यांच्या मागं धावून कुणीच दिसत नाही. पहिले नऊ होल एका गटाबरोबर चाला, मग सोळाव्याच्या पुढं कुठंतरी ठाण मांडा. पुण्यातले कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) मराठीत बोलतात. कोणत्या होलला वारा फिरतो, कोणता क्लब (गोल्फची काठी) बदलला, हे खेळाडूच्या इंग्रजी पत्रकार परिषदेपेक्षा त्यांच्याकडून नीट कळतं. फेरी संपल्यावर विचारा, मध्ये नाही.

कर्लिंगला जाणं मात्र बहुतेकांना जमत नाही, आणि पहिली काही वर्षं गरजही नाही. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फटक्यानंतरची दगडांची मांडणी चित्ररूपात उपलब्ध असते. ती समोर ठेवून प्रक्षेपण बघा. ऑलिंपिकच्या माध्यम पासाचं प्रकरण वेगळं. तो कोटा देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत वाटला जातो, अर्ज बरेच आधी मागवतात, आणि स्वतंत्र पत्रकाराचा नंबर शेवटी लागतो. त्यावर करिअरची आखणी करू नका.

वाचक कुठून धरायचा, ही डेस्कची खरी शंका असते. २०१८ ला रौप्य जिंकलेला दक्षिण कोरियाचा महिला संघ उईसाँगचा, लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या भागातला. कांद्याच्या बाजारपेठेतल्या वाचकाला एवढी ओळख पुरते. २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुष कर्लिंगचं सुवर्ण फिलिपिन्सनं घेतलं, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ५-३ हरवून. उष्ण देशांचं बर्फावर काय काम, असं कुणी म्हणालं की हे सांगा.

नावांचं काम आपल्याला जास्त. इंग्रजी पत्रकार स्पेलिंग उतरवून मोकळा होतो, देवनागरीत उच्चार ठाऊक असावा लागतो. गोल्फर झँडरचं आडनाव 'शॉफली', 'शाउफेले' नव्हे. स्पर्धेच्या सुरुवातीलाच पहिल्या वीस जणांची यादी करून मुलाखतींत ते स्वतःचं नाव कसं घेतात ते ऐका आणि यादी डेस्कला द्या, म्हणजे रोज वेगळं छापलं जाणार नाही.

संपादकाला पहिला मजकूर पाठवाल तेव्हा नियमांची चौकट, शब्दार्थ, इतिहास असं काही जोडू नका. साडेतीनशे शब्द, एकच निर्णय, तो ज्या होलला किंवा एंडला झाला तिथपासून सुरुवात. स्कोअर दोनदा बेरीज करून. खाली सामना भारतीय वेळेनुसार किती वाजता संपला ते लिहा, कोणत्या आवृत्तीत बसेल हे त्यांना लगेच कळतं. मानधन विचारायचं ते छापून यायच्या आधी, आणि लेखी.